नवव्या किलोमीटरचा खड्डा

बळीरामाला तुम्ही ओळखत नसाल, पण त्याच्या रस्त्यावरून एखादवेळेस गेला असाल. वसईकडचं चंदनसार मागे टाकायचं, हायवे ओलांडायचा आणि डोंगराच्या अंगाला आत शिरायचं. तिथून चौदा किलोमीटरचा एक तुकडा सुरू होतो. कागदावर तो राज्यमार्ग आहे. आता त्यात राज्य कुणाचं आणि मार्ग कुठला, हे मला विचारू नका. दोन एसट्या समोरासमोर आल्या की एकीनं मुकाट्यानं साइडपट्टीवर उतरायचं, एवढीच त्याची रुंदी. पहिले सहा-सात किलोमीटर भातशेती, मधे दोन-चार वीटभट्ट्या, आणि आठव्या किलोमीटरच्या दगडापासून जंगल. साग, ऐन, पळस रस्त्यावर इतके वाकलेले की भर दुपारीही मोटारसायकलवाल्याला गॉगल काढावा लागतो.

या रस्त्याचा बळीराम मैलकुली. मैल जाऊन किलोमीटर आले त्याला साठ वर्षं होऊन गेली, पण खात्याला हुद्दा बदलायला सवड झाली नाही. त्याचा बापही याच रस्त्यावर मैलकुली होता. बळीरामाची हद्द सहाव्या दगडापासून चौदाव्यापर्यंत. सकाळी सायकलला फावडं आणि घमेलं बांधायचं, कमरेला कोयता, अंगात खाकी शर्ट. गवत काप, मोरी साफ कर, पडलेली फांदी ओढ, दिवाळीच्या आधी दगडांना चुना मार. छत्तीस वर्षं हेच. धोंडूबाई, म्हणजे त्याची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की हा रस्ता माझी सवत आहे, आणि सवतीला निदान वर्षातून एकदा लुगडं तरी मिळतं, मला तेही नाही.

बळीरामाचे दोन नेम होते, दोन्ही बापाकडून आलेले. पहिला खड्ड्याचा. खड्डा पडला आणि डांबर नसलं, आणि डांबर कधीच नसायचं, तर त्यात ऐनाची पानांसकट फांदी रोवायची. पानं वाळली की बदलायची. लांबून हिरवं दिसलं की गाडीवाला समजतो. सगळ्या गावांमधून हे करतात, पण बळीराम ते देवपूजेसारखं करायचा. दुसरा नेम रक्ताचा. रस्त्यावर माणसाचं रक्त सांडलं तर त्यावरून चाक जाऊ द्यायचं नाही. आधी वाळू टाकायची, मग ती भरून झाडाखाली न्यायची आणि अपघाताची जागा होती तशी नीट करायची. माणूस गेला तर गेला, त्याच्यावरून टेंपो कशाला जायला पाहिजे? असं त्याचा बाप म्हणायचा. बरोबरच आहे की.

आणि बळीराम पंच होता. गावपंच नव्हे, पंचनाम्याचा पंच. अपघात झाला की पोलिसांना सहीला दोन माणसं लागतात. जंगलात माणसं आणायची कुठून? बळीराम तर कायमचा रस्त्यावरच. हवालदार गाडीतून उतरायच्या आधी हाक मारायचा, बळीराम, ये रे. लिहून झालं की वाचून दाखवायचा, बळीराम मान डोलवायचा आणि चार अक्षरांची सही करायला पाच मिनिटं लावायचा. अशा किती सह्या त्यानं केल्या असतील, देव जाणे.

तर दोन हजार बावीसचा ऑक्टोबर. पाऊस जाता जात नव्हता. नवव्या दगडाच्या थोडं पुढं, वळणावर, एक खड्डा पडला होता. गुडघाभर खोल. बळीरामानं त्यात फांदी रोवली होती आणि दर दोन दिवसांनी बदलत होता. बुधवारी संध्याकाळी सॅन्टन मुकादम मोटारसायकलवरून आला. सॅन्टन वाईट माणूस नव्हे, वसईचा, गोड बोलणारा, पण साहेब म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. उद्या अकराला मोठे साहेब या रस्त्यानं जाणार, म्हणाला, आणि हे तुझं झाडपाल्याचं प्रदर्शन त्यांना दिसायला नको. फांद्या काढ. सकाळी नऊच्या आत ठेकेदाराचा ट्रॅक्टर येतोय, तो खड्डे भरून टाकील.

बळीराम म्हणाला की ट्रॅक्टर आला की काढतो. सॅन्टन म्हणाला, आत्ता काढ, माझ्यासमोर. बळीरामानं काढली. रात्री पाऊस पडला आणि खड्डा पाण्यानं काठोकाठ भरला. सकाळी तो रस्त्याच्या पातळीला आला होता, वरून पाहिलं तर नुसतं ओलं दिसत होतं.

ट्रॅक्टर नऊला आला नाही. साडेनऊला आला नाही. बळीराम वळणाच्या अलीकडे गवत कापत होता, एक कान ट्रॅक्टरकडे. तेवढ्यात एक मोटारसायकल गेली, सावकाश, पुढं एक तरुण पोरगा आणि मागं जरीची साडी नेसलेली बाई. बाईनं पदर डोक्यावरून घेतला होता आणि मांडीवर पिशवी धरली होती. वळणापलीकडून आवाज आला. असा आवाज बळीरामानं खूपदा ऐकला होता, पण त्या दिवशी तो कोयता टाकून धावत सुटला.

बाईचं डोकं किलोमीटरच्या नव्हे, मोरीच्या दगडावर आपटलं होतं. ती जागीच गेली. आशालता तिचं नाव, बोळिंजला राहणारी, मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला निघालेली. पोरगा तिचा एकुलता एक, जितेश. त्याचा उजवा हात मोडला होता आणि तो बसल्या जागी एकच म्हणत होता, पाणी दिसलं, खड्डा दिसला नाही, पाणी दिसलं. बळीरामानं त्याला पाणी पाजलं, त्याच्या तोंडावर हात फिरवला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बाईचा पदर नीट केला.

ॲम्ब्युलन्स गेली आणि बळीराम रक्तापाशी एकटा राहिला. आता इथं जे झालं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बळीरामाच्या मनात त्या घडीला खोटेपणा नव्हता. छत्तीस वर्षांचा हात होता, तो आपोआप चालला. रक्तावर वाळू टाकली. मग तो खड्ड्याकडे वळला आणि त्याला त्या खड्ड्याचा असा संताप आला की ट्रॅक्टरची वाट बघायचं त्याला सुधरलं नाही. रस्त्याकडेला खडीचा ढीग होता. घमेल्यामागून घमेलं आणून त्यानं खड्ड्यात ओतलं, वर मुरूम टाकला, फावड्यानं चोपला, पायांनी तुडवला. आता आणखी कोन पडायला नको, एवढंच तो तोंडानं म्हणत होता. धोंडूबाई भाकरी घेऊन आली तर नवरा घामानं निथळतोय आणि रडतोय. अकराला साहेबांची गाडी त्यावरून सुळकन निघून गेली.

बाराला पोलीस आले. हवालदारानं जागा पाहिली, लिहिलं, वाचून दाखवलं. रस्ता सुस्थितीत, खड्डा अगर अडथळा नाही. मोटारसायकलस्वारानं हयगयीनं गाडी चालवल्यामुळे मागं बसलेल्या त्याच्या आईचा मृत्यू. बळीरामाच्या जिभेवर शब्द आले होते. पण बाजूला सॅन्टन उभा होता. आणि बळीराम स्वतःशीच म्हणाला की पोलीस आले तेव्हा रस्ता साफच होता ना, म्हणजे लिहिलेलं काही खोटं नाही. माणूस स्वतःला किती चटकन समजावतो बघा. त्यानं सही केली. पोलीस गेल्यावर सॅन्टननं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास रे बळीराम," तो म्हणाला. "वेळेवर भरलास. आपली दोघांची नोकरी वाचवलीस."

त्या क्षणी बळीरामाला कळलं की आपण काय भरलं.

गुन्हा जितेशवर दाखल झाला. आईला मारल्याचा. कायद्यात त्याला वेगळं काही म्हणत असतील, पण बोळिंजच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत त्याचा अर्थ तोच झाला. पोरगा हात प्लास्टरमध्ये घालून सांगत राहिला की खड्डा होता. पण कागदावर खड्डा नव्हता.

डिसेंबरात एका दुपारी एसटीतून एक गृहस्थ नवव्या दगडापाशी उतरले. पांढरा शर्ट, काखेत फाइल, पायात चपला. आत्माराम, जितेशचे वडील. मूळचे कोकणातले, मुंबईला एका गिरणीच्या गोदामात स्टोअरकीपर होते, सगळा जन्म वह्या लिहिण्यात गेला. त्यांनी वळण चालून पाहिलं, वाकून रस्त्याला हात लावून पाहिला. तोवर त्यावर डांबरही पडलं होतं. मग विचारत विचारत ते बळीरामाच्या सायकलीपाशी आले.

त्यांनी फाइलमधून पंचनाम्याची नक्कल काढली आणि सहीवर बोट ठेवलं. ही तुमचीच ना, विचारलं. बळीराम हो म्हणाला. मग त्या माणसानं जे सांगितलं ते एका दमात, पाठ केल्यासारखं सांगितलं. मुलगा म्हणतो खड्डा होता. मी त्याच्याशी दोन महिने बोललेलो नाही. लिहिलेलं खोटं नसतं, असं मी आयुष्यभर धरून चाललो. पण तो खोटं बोलणारा मुलगा नव्हे. मला कोर्टाचं काही नको, भरपाईही नको.

"तुम्ही तिथं होतात," आत्माराम म्हणाले. "तुम्ही सांगाल ते मी मानीन. खड्डा होता का?"

बळीरामाला निवृत्तीला आठ महिने उरले होते. हो म्हटलं तर फांदी कुणी काढली हे निघणार, खड्डा कुणी बुजवला हे निघणार, सही कशी केली हेही निघणार. सॅन्टन हात वर करून मोकळा होणार. आणि घरी धोंडूबाई गुडघ्यानं अधू.

"नाय साहेब," तो म्हणाला. "रस्ता साफ होता."

आत्मारामांनी मान हलवली. नक्कल घडी करून फाइलीत ठेवली, बळीरामाचे आभार मानले. हो, आभार मानले. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून ते मोरीच्या कठड्यावर बसून राहिले, त्याच मोरीच्या. बळीरामानं त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते घेतलं.

संध्याकाळी धोंडूबाईला कळलं. तिनं भांडण केलं नाही. चुलीतली लाकडं मागं ओढली आणि म्हणाली, "तुमी खड्डा भरलाव तो दुसऱ्यासाठी, तवा मी काय बोलले नाय. पन आज त्या बापाला काय सांगितलाव, ता कोनासाठी?" बळीराम जेवला नाही. तिनंही आग्रह केला नाही, जी बाई चार घास तरी खा म्हणून जीव खायची.

बळीराम निवृत्त झाला. हारतुरे झाले, सॅन्टननं भाषण केलं की असा प्रामाणिक माणूस पुन्हा होणे नाही. बळीरामाला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. पेन्शन सुरू झाली आणि त्यानं स्वतःला दिलेलं कारण संपलं. मग सांगायचं ना जाऊन? तर नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. लावणी उरकू दे, कापणी उरकू दे. भित्र्या माणसाला पंचांगातला एकही दिवस चालत नाही.

एकदा मात्र तो गेला. धुतलेला सदरा घालून, दोन गाड्या बदलून, बोळिंजच्या त्या सोसायटीच्या फाटकापर्यंत. वॉचमननं वही पुढं केली. नाव, कुणाकडे, फ्लॅट नंबर, आणि शेवटच्या रकान्यात कामाचं कारण. बळीरामानं नाव लिहिलं. आत्मारामांचं नाव वॉचमनकडून लिहून घेतलं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. काय लिहायचं तिथं? मागं एक बाई गॅस सिलिंडरवाल्याला घेऊन खोळंबली होती, ती म्हणाली, अहो बाबा, आटपा. बळीरामानं पेन ठेवलं आणि घरी आला. धोंडूबाईला सांगितलं की कोणी घरी नव्हतं. तिला ते खोटं कळलं, हे त्यालाही कळलं.

अपघाताला पावणेतीन वर्षं होत आली तेव्हा समन्स आलं. वसईच्या कोर्टात पंच म्हणून साक्ष. बळीरामानं तो कागद देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि त्याला, खरं सांगतो, बरं वाटलं. आता आपणहून जायचं नव्हतं, बोलावणं आलं होतं. पाठीला कुणीतरी हात लावून पुढं ढकलल्यासारखं झालं. चार दिवस तो ओसरीत येरझारा घालत मोठ्यानं म्हणत होता, साहेब, सही माझी, पन लिहिलेला खोटा. खड्डा होता. फांदी मी काढली. खड्डा मी भरला. धोंडूबाई तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि एखादं वाक्य राहिलं तर आठवण करून द्यायची. पेन्शन बंद केली तर, असं त्यानं एकदा विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली की शेवग्याचा पाला खाऊ, पण सांगा.

दहाच्या ठोक्याला तो कोर्टात हजर होता. जितेशला त्यानं लांबून ओळखलं. पोरगा वाळला होता, कानाशी केस पिकले होते. दोघांची नजरानजर झाली नाही. पुकार झाली, जितेश आत गेला, आणि पाच-सात मिनिटांत कोर्टाचा हवालदार बाहेर येऊन बळीरामाला म्हणाला की तुमचं काम नाही, जा घरी. सुटलात.

बळीरामाला कळेना. त्यानं समन्स पुढं केलं. हवालदारानं समजावून सांगितलं, आरोपीनं गुन्हा कबूल केला. माझ्या हयगयीनं आई गेली म्हणाला. आता साक्ष कसली? दंड झालाय आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. जज साहेबांनी दया केली, म्हणाले याला आणखी काय शिक्षा करायची.

"मला बोलायचाय," बळीराम म्हणाला.

"आजोबा, आता काय बोलणार? त्याचं तो बोलला." हवालदार दुसऱ्या कागदांकडे वळला.

बळीराम गेला नाही. दारातून आत दिसत होतं. जितेश भिंतीकडच्या बाकावर बसला होता, हात मांडीवर ठेवून, शाळेत बसतात तसा. दुपार झाली, लोक जेवून आले. बळीरामानं धोंडूबाईनं दिलेल्या भाकरीची गाठही सोडली नाही. साडेपाचला कोर्ट उठलं आणि जितेश बाहेर आला. बळीराम पायऱ्यांवर त्याच्या आडवा उभा राहिला. पोरानं क्षणभर पाहिलं, आणि ओळखलं.

"काका, तुम्ही मला पाणी पाजलं होतं," तो म्हणाला.

चार दिवस पाठ केलेलं सगळं बळीराम विसरला. जे आलं ते त्यानं सांगितलं. खड्डा होता. फांदी मी काढली आदल्या संध्याकाळी. पोलीस यायच्या आधी मी भरला. तुझा बाप आला होता माझ्याकडं, त्याला मी खोटं सांगितलं. चल, आत्ता चल, मी त्यांच्या पाया पडतो, त्यांना सांगतो.

जितेश ओरडला नाही. त्यानं ओरडायला हवं होतं, मला तर वाटतं दोन लगावायला हव्या होत्या. तो पायरीवर बसला.

"बाबा फेब्रुवारीत गेले," तो म्हणाला. "ते होते तोवर मी एकेका तारखेला भांडत होतो. कोर्टासाठी नाही हो. त्यांना पटावं म्हणून. शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी घेत होते, पण माझ्याशी बोलत नव्हते. ते गेल्यावर म्हटलं, आता कुणाला पटवायचंय? कबूल करून टाकू."

बळीराम त्याच्या खालच्या पायरीवर बसला. त्याला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती, कारण रडणं हेसुद्धा त्याला आता त्या पोराकडून काहीतरी मागितल्यासारखं वाटत होतं.

वकील लोक छत्र्या उघडून बाजूनं उतरत होते. मग जितेश हळूच, जणू कुणी ऐकेल या भीतीनं म्हणाला की शेवटी शेवटी माझं मलाच वाटायला लागलं होतं, खड्डा नव्हताच. कागदावर नाही, बाबा बघून आले तर रस्त्यावर नाही. मीच तो मनानं काढलाय, आईला मारलं म्हणून.

"केवढा होता, काका?"

बळीरामानं दोन्ही हात फाकवले. "एवढा," तो म्हणाला. "आनि गुडघ्याएवढा खोल. वर पानी होता काठोकाठ. कोनालाच दिसला नसता."

जितेश त्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिला. बळीराम हात खाली घ्यायला लागला तसा तो म्हणाला, "नको. जरा वेळ तसेच ठेवा."

येणारे-जाणारे वळून बघत होते. बळीरामाचे खांदे दुखायला लागले, तरी पोरगा उठेपर्यंत त्यानं हात खाली घेतले नाहीत.